देवळापासून ७५ मीटर

दारूचं दुकान देवळाच्या दारात नसावं, या एका मुद्द्यावर महाराष्ट्रात सगळे पक्ष, सगळे धर्म आणि बहुतेक पिणारेसुद्धा एकमत आहेत. हे एकमत नियमांतही उतरलं आहे. दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याच्याखालचे परवान्यांचे नियम परवान्याच्या प्रकाराप्रमाणे ७५ मीटर, १०० मीटर अशी अंतरं सांगतात. शाळेपासून, धार्मिक स्थळापासून, एसटी स्टँडपासून. अंतर मोजायचं कसं, हेही ठरलेलं आहे. नकाशावर सरळ रेघ ओढायची नाही. दुकानाच्या दाराचा मध्य धरायचा, पायी जाणारा माणूस ज्या जवळच्या वाटेनं जातो त्या वाटेनं टेप न्यायची, देवळाला आवारभिंत असेल तर फाटकाच्या मध्याशी आणि नसेल तर दाराच्या मध्याशी ती टेकवायची. टेप चौऱ्याहत्तरवर थांबली तर परवाना नाही, शहात्तरवर गेली तर आहे. उत्पादन शुल्क खात्याच्या दृष्टीनं प्रश्न इथं संपतो. धर्माच्या दृष्टीनं तो इथं सुरू व्हायला हवा. त्या दोन मीटरांत नेमकं काय बदललं? पिणाऱ्याचं पाप कमी झालं, विकणाऱ्याचं झालं, की देवाची सोय झाली?

डोणगावच्या संदर्भात हा प्रश्न विचारायला कारण आहे. मेहकर तालुक्यातलं हे गाव नागपूर-औरंगाबाद या जुन्या वाहत्या रस्त्यावर, मेहकर आणि वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव यांच्या मधे बसलेलं. अशा रस्त्यावरच्या गावाला दारूच्या जागेचा वाद कुणी शिकवावा लागत नाही. सोयाबीनचे पैसे हातात आले की ते कुठल्या वाटेनं घरी जातात आणि वाटेत कुठं थांबतात, हे घरोघरच्या बायकांना मीटरच्या हिशेबाशिवाय माहीत असतं. इथं क्राफ्ट बिअरचा कारखाना नाही आणि नजीकच्या काळात निघेल असंही नाही. पाच-सातशे रुपये देऊन गव्हाच्या बिअरचा स्वाद चाखणारं गिऱ्हाईक इथल्या बाजारात उभं राहत नाही. पण शहरातला क्राफ्ट बिअरवाला जागा कशी निवडतो आणि गावातलं देशीचं दुकान कुठं जाऊन बसतं, हे शेजारी ठेवून पाहिलं तर देवळापासूनच्या अंतराचा नियम नेमकं कोणाचं रक्षण करतो, ते उघडं पडतं.

शहरातली गोष्ट आधी. पुण्यात २००९ मध्ये दूलाली सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. ती उभी राहिली कोरिंथियन्स क्लबात. मुंबईत द बार्किंग डिअर आणि पुढं बंगळुरूहून आलेली टॉइट यांनी लोअर परळचं मथुरादास मिल कंपाउंड निवडलं. या निवडीमागे धंद्याची साधी गणितं असतात. पोलादी टाक्या उभ्या करायला उंच छत लागतं, त्यांचं वजन पेलणारी जमीन लागते, पाण्याची जाड लाइन आणि सांडपाण्याची वाट लागते, माल्टची पोती उतरवायला ट्रक आत यावा लागतो. गिरणीची शेड या सगळ्याला जणू बेतून केलेली. शिवाय रात्री अकराला गोंगाट झाला तर तक्रार करणारी खिडकी तिथं नसते, कारण १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर त्या आवारातलं जगणंच उठून गेलं. जगभर हेच दिसतं. ओसाड गोदामं, बंद कारखाने, रेल्वेच्या कडेचे पट्टे इथं आधी छोट्या ब्रुअरी येतात, मग कॅफे, मग भाडेवाढ. आपल्या परळात एक टोचणारी गोष्ट मात्र जास्तीची आहे. ज्या आवारातल्या कामगाराची दारू ही समाजसुधारकांची चिंता होती, त्याच आवारात त्याच्यामागून आलेल्यांची बिअर ही अभिरुची ठरली. दोन्ही वेळा नशा आणणारा पदार्थ तोच, इथेनॉल. पिणारा बदलला तसा पदार्थाचा धर्मही बदलला.

आता मूळ प्रश्नाकडे. मद्य आणि पवित्र जागा यांच्यात अंतर हवं, असं धर्म सांगतात का? जे धर्म मद्याला मनाई करतात ते ती माणसाला करतात. इस्लामची मनाई मशिदीपासून पावलं मोजून सुरू होत नाही. ती मुसलमान असेल तिथं त्याच्यासोबत असते. बौद्धांचं पाचवं शील मद्यापासून दूर राहायला सांगतं ते माणसाच्या मनाच्या सावधपणासाठी; आणि उपासकानं कोणते धंदे करू नयेत त्या पाचांत मद्यविक्री येते, म्हणजे तिथं बोट दुकानदाराकडे आहे, दुकानाच्या पत्त्याकडे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. विहारापासूनच्या अंतराची नाही. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो तेव्हा दारू आणि मांस सुटतं, आणि ती माळ पंढरपुरात जेवढी बांधते तेवढीच मेहकरच्या बाजारातही. याच तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला ट्रॅक्टर भरभरून पुरी-भाजीचा महाप्रसाद वाटला जातो. त्या पंगतीला बसणाऱ्यांना व्यसन सोडायला सांगितलं जातं ते आश्रमाच्या कुंपणापुरतं नसतं.

दुसरीकडे, जे धर्म मद्य नाकारत नाहीत ते त्याला देवाच्या अगदी जवळ बसवतात. उज्जैनच्या काळभैरवाला दारूचा नैवेद्य होतो. तळकोकणात आणि गोव्यात वेशीवरच्या राखणदाराला रोट आणि दारू द्यायची रीत आहे. गडचिरोलीकडच्या गोंड समाजात मोहाच्या दारूचा थेंब देवाला आणि पूर्वजांना वाहिल्याशिवाय कार्य पुरं होत नाही. कॅथलिक चर्चमध्ये द्राक्षाचा मद्यरस वेदीवरच असतो. आणि बेल्जियमचे ट्रॅपिस्ट साधू तर मठाच्या भिंतींच्या आतच बिअर गाळतात. ऑर्व्हल, शिमे, वेस्टव्लेटरन ही नावं बिअरवाल्यांना पाठ आहेत. त्यांच्या संघाची अटच अशी की अस्सल ट्रॅपिस्ट हे चिन्ह हवं असेल तर बिअर मठाच्या आवारात किंवा अगदी लगत, साधूंच्या देखरेखीखाली झाली पाहिजे. म्हणजे तिथं अंतर वाढलं की पावित्र्य जातं. अमेरिकेत पिट्सबर्गला तर १९९६ पासून एका जुन्या चर्चमध्येच ब्रुअरी चालू आहे आणि वेदीच्या जागी टाक्या आहेत. हे मला फारसं रुचत नाही. पण न रुचणं हा युक्तिवाद नव्हे, आणि पुढं हाच फरक कामाला येणार आहे.

मग हे मीटर आले कुठून? धर्मांनी पिणारा आणि विकणारा धरला. जागा धरली ती विटाळाच्या कल्पनेनं. अपवित्र वस्तू पवित्र जागेपासून इतकी पावलं दूर ठेवली की पवित्र जागा सुरक्षित, ही समजूत आपल्या ओळखीची आहे. गावाची रचनाच तिच्यावर झाली. मधे देऊळ आणि वाडे, कडेला बलुतेदार, आणि गावकुसाबाहेर ज्यांच्या सावलीचंही भय होतं ते. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, आत नाही. हे अंतरही कुणीतरी कधीतरी मोजलं होतं. ते मिटवायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. दारूच्या दुकानाची आणि माणसाची बरोबरी इथं मी करत नाही. पण मोजण्याची सवय तीच आहे, आणि तिचा परिणामही तोच होतो. देवळापासून जे दूर लोटायचं ते कुठंतरी जाऊन पडतंच. गावाच्या मधोमध देऊळ, शाळा आणि स्टँड असतील आणि तिघांपासून शंभर मीटर सरकायचं असेल, तर टेप काठाकडे जाते. काठावर कोण राहतं, हे विदर्भात वेगळं सांगावं लागत नाही. नियम देवाला वाचवतो आणि दुकान मजुराच्या दारात नेऊन ठेवतो.

त्यातही सगळे देव सारखे वाचत नाहीत. नियमांतली धार्मिक स्थळाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. त्यात देऊळ, मठ, मशीद, चर्च, सिनेगॉग, अग्यारी सगळं येतं. अट एवढीच की ते नोंदणी झालेल्या सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या मालकीचं किंवा व्यवस्थापनाखालचं असावं. म्हणजे ज्या देवाचं धर्मादाय आयुक्तांकडे खातं आहे त्याच्यापासून टेप लागते. बांधावरच्या म्हसोबाला, वस्तीच्या तोंडाशी शेंदूर फासून बसलेल्या मरीआईला नोंदणी क्रमांक नसतो. त्यांच्या समोर दुकान आलं तरी तांत्रिक अडचण नाही. गरिबाचा देव गरिबासारखाच कागदपत्रांत कमी पडतो. पावित्र्याचं रक्षण हाच जर हेतू असता तर त्याला पावतीपुस्तक आणि लेखापरीक्षण कशाला लागलं असतं? नियमाला सांभाळायची आहे ती प्रतिष्ठा. गावाच्या दर्शनी भागात शोभा होऊ नये, एवढंच त्याला कळतं. २०२२ मध्ये दुकानांच्या पाट्यांचा कायदा बदलताना दारू मिळते अशा आस्थापनांना महापुरुषांची आणि किल्ल्यांची नावं देता येणार नाहीत असं ठरलं, ती याच जातीची काळजी. पाटीवरचं नाव वाचलं, आतला गडी वाचला की नाही हा वेगळा विषय.

यावर श्रद्धावान माणूस जे म्हणेल ते हलकं नाही. तो म्हणेल, पवित्र जागा वेगळी ठेवणं हीच तर संस्कृतीची सुरुवात आहे. माणूस सगळीकडे सारखा शुद्ध राहू शकत नाही, म्हणून काही जागा तरी राखायच्या. मूल देवळात जाताना वाटेत झिंगलेला माणूस पाहू नये, काकडआरतीला निघालेल्या बाईला कुणी अडवू नये, यात विटाळ कुठं आला? आणि राळेगणसिद्धीत १९७० च्या दशकात अण्णा हजारेंनी दारूच्या भट्ट्या बंद केल्या त्या देवळाच्या जीर्णोद्धारापासून सुरुवात करून, देवळात जमलेल्या गावासमोर. देवळाची जागा नसती तर ती ताकद कुठून आली असती? राळेगणचं उदाहरण मला मान्य आहे. फक्त ते माझ्या बाजूनं बोलतं. तिथं देवळानं दारू स्वतःपासून दूर लोटली नाही. गाव देवळात जमलं आणि दारू घरांपासून दूर केली. देऊळ ही जिथून अंतर मोजायचं ती खूण राहिली नाही, ठराव करायची जागा झाली. (पिऊन आलेल्याला खांबाला बांधून मारण्याचा जो भाग त्या कथेत आहे, तो मात्र कुठल्याही देवाच्या नावावर खपवता येणार नाही.) आणि वाटेवरच्या मुलाचं, काकडआरतीच्या बाईचं म्हणाल, तर त्यात ज्याला इजा होते तो माणूस आहे. ती बाई आरतीहून परत घरीच येते. झिंगलेल्या माणसाचा तिला देवळाच्या वाटेवर त्रास झाला तर कायद्याला कळतं, आणि विहिरीच्या, पिठाच्या गिरणीच्या, स्वतःच्या ओट्याच्या वाटेवर झाला तर कळत नाही. घराला फाटक असतं, दार असतं, दाराला मध्यही असतो. टेप तिथून का लागत नाही?

हा प्रश्न विदर्भात नवा नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या डेबूजीच्या वडिलांना, झिंगराजींना दारूनं नेलं आणि घर उघड्यावर आलं. तोच डेबूजी पुढं गाडगे महाराज झाला. पंढरीला जाऊनही महाराज विठ्ठलाच्या गाभाऱ्याकडे वळत नसत. हातात खराटा, अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं अशा वेशात ते यात्रेकरूंची घाण झाडत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यालाच प्रश्न विचारून त्याच्या तोंडून दारूचा हिशेब वदवून घेत. त्या कीर्तनात मोजमाप घरापासून सुरू होई: किती मिळवलं, किती प्यायला, बायकोच्या अंगावर काय आहे, पोर शाळेत जातं का. देव दारूच्या वासानं बाटतो असा धाक त्यांनी घातला नाही. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता १९५५ ची, आणि त्यातली व्यसनांची चिंतासुद्धा गावाच्या आणि संसाराच्या हिशेबातली आहे. ही आपली परंपरा असताना कायद्यानं मात्र विटाळाची परंपरा उचलली, कारण तिची अंमलबजावणी सोपी. देवळाचा दरवाजा हलत नाही, भांडत नाही, साक्षीला येत नाही.

अंतर चुकीच्या ठिकाणाहून मोजलं की मोठ्या गोष्टीही दिसेनाशा होतात, याचा एक दाखला डोणगावहून जाणाऱ्या त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतींत मोठमोठे बिअरचे कारखाने बसले. जमीन होती, रस्ता होता आणि जायकवाडीचं पाणी होतं. एक लिटर बिअरमागे, कारखान्यागणिक कमीजास्त, चार-पाच लिटर पाणी जातं. बाटल्या धुण्यापासून टाक्या थंड करण्यापर्यंत. देवळापासूनच्या अंतराची अट या वसाहतींना कसली अडवणार? पण २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्याचे हंडे कोरडे पडले, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं, आणि त्याच एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि १० मेपासून ६० टक्के कपातीचा आदेश द्यावा लागला. जायकवाडीच्या जलाशयाचं नाव नाथसागर. काशीहून आणलेली गंगेची कावड तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली, असं ज्यांच्याविषयी सांगतात, त्या पैठणच्या एकनाथांच्या नावाचा. नाथांच्या देवळापासून कारखाना किती मीटर आहे, हे त्या वर्षी कुणी विचारलं नाही. कुणाच्या हंड्यापासून किती दूर आहे, एवढंच विचारलं. धर्माचा प्रश्न तिथं न्यायालयानं बरोबर विचारला, जरी निकालपत्रात तो पाण्याचा म्हणून नोंदला गेला.

रस्त्याच्या बाबतीतही मीटर लावून झाले. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निर्णय दिला. ३१ मार्च २०१७ ला वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर केलं, म्हणजे नेमक्या लहान गावांना सूट मिळाली. जुलैत शहरांची हद्द वगळली. २०१८ च्या फेब्रुवारीत ग्रामपंचायतींच्या हद्दीबाबतही राज्यांना निर्णयाची मोकळीक दिली. दरम्यान केरळात एका बारनं दारापुढं भिंतींचा चक्रव्यूह उभारला. दुकान तिथंच, चालायचं अंतर मात्र नियमाएवढं. काही राज्यांनी रस्त्यांचा दर्जाच बदलून टाकला. न्यायालयाचा हेतू चांगला होता, कारण त्याला रस्त्यावर मरणारी माणसं दिसत होती. पण अंतर हे नैतिक प्रश्नाचं उत्तर मानलं की प्रश्न भूमितीचा होतो, आणि भूमितीत धंदेवाला नेहमी पुढं असतो.

माझं म्हणणं असं, की दारू कुठं असावी हा देवाच्या जवळिकीचा प्रश्न नाही. शेजाऱ्याच्या नकाराचा आहे. ज्याच्या दारात ती येणार त्याला नाही म्हणता येतं का, आणि त्याचं नाही चालतं का, एवढ्यावर जागेची नीती ठरते. या कसोटीवर शहरातली क्राफ्ट ब्रुअरी बऱ्यापैकी उत्तीर्ण होते, आणि ते मालकाच्या सद्गुणामुळे होत नाही. कोरेगाव पार्क किंवा वांद्र्याच्या शेजाऱ्याकडे वकील आहे, सोसायटी आहे, नगरसेवकाचा फोन आहे. त्याचा नकार महाग पडतो हे ओळखूनच ब्रुअरी ओसाड गिरणीत किंवा क्लबाच्या हद्दीत जागा शोधते. २०२५ च्या मार्चमध्ये उपमुख्यमंत्री अजित पवारांनी विधानसभेत सांगितलं की गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवं बिअर किंवा दारूचं दुकान काढायचं तर संस्थेचं ना-हरकत लागेल. हे योग्यच झालं. टेप घरापासून लागली. फक्त ती सहकारी संस्था म्हणून नोंदलेल्या घरापासून लागली. कुडाच्या, पत्र्याच्या, गावठाणाबाहेरच्या घराची संस्था नसते. म्हसोबासारखंच ते घरही नोंदणीत कमी पडतं.

इथं स्वातंत्र्यवादी अडवेल. सज्ञान माणसानं काय प्यावं हे शेजाऱ्यानं का ठरवावं? आणि शेजाऱ्याच्या नकाराला एकदा मान दिला की तो दारूपाशी थांबेल याची हमी काय? आज दारूचं दुकान नको, उद्या खाटकाचं नको, परवा मशीद नको, तेरवा विशिष्ट आडनावाचा भाडेकरू नको. हा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो, कारण ही यादी काल्पनिक नाही. याचं उत्तर नकाराचं कारण तपासण्यात आहे. शेजाऱ्याला किळस येते, पाहवत नाही, आपल्या रीतीत बसत नाही, म्हणून दिलेला नकार हा विटाळाचा नकार. त्याला कायद्यानं किंमत देऊ नये. शेजाऱ्याची मजुरी, झोप, अंग, पोराची फी यांवर जो घाव पडतो आणि जो दाखवता येतो, तो इजेचा नकार. त्याला किंमत द्यायलाच हवी. खाटकाच्या दुकानानं शेजारणीचा दात पडत नाही. पिट्सबर्गच्या चर्चमधल्या टाक्या मला रुचत नाहीत, पण माझ्या नावडीनं त्या हलू नयेत. आणि नीट पाहिलं तर देवळापासून ७५ मीटर हाच विटाळाचा नियम आहे. तो काढून घराचा नियम आणला, तर बहुसंख्यांच्या किळसेला मिळालेली कायदेशीर जागा कमी होते. तो नियम ठेवून आपणच त्या यादीचं पहिलं पान लिहून देतो.

शेजाऱ्याचा नकार म्हणजे राज्यभर बंदी, असंही मी म्हणत नाही. सरसकट बंदीचा अनुभव संमिश्र आहे. चिमूरहून नागपूर अधिवेशनावर पायी गेलेल्या बायकांच्या २०१० च्या मोर्चानंतर चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये अवैध दारू वाढल्याचं कारण सांगून सरकारनं ती उठवली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी टिकून आहे, कारण तिथं गावागावात ती राखणारे लोक उभे राहिले. परवाना गेला की हातभट्टी येते, हे दुकानदारांचं पालुपद पूर्ण खोटं नाही. पण हातभट्टी रोखणं हे पोलिसांचं काम आहे. ते होत नाही म्हणून बाईनं परवान्याचं दुकान दारात सोसावं, हा कुठला न्याय? पिणाऱ्याचं स्वातंत्र्यही माझ्या म्हणण्यात शाबूत राहतं. त्याला प्यायला मिळेल. फक्त त्याच्या पिण्याचा खर्च ज्यांच्यावर पडतो त्यांना विचारून जागा ठरेल. मिळण्याचा हक्क एक, आणि दुसऱ्याच्या ओट्यापाशी मिळण्याचा हक्क दुसरा.

घरापासून टेप लावणारी एक व्यवस्था आपल्याकडे आधीच आहे. २००८ पासूनच्या नियमानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की गुप्त मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहावं वाटतं तिनं उभीवर, बंद व्हावं वाटतं तिनं आडवीवर शिक्का मारायचा. अक्षर न येणाऱ्या म्हातारीलाही कळेल इतकं सोपं. महाराष्ट्राच्या सगळ्या दारू कायद्यात धर्माच्या सर्वांत जवळ जाणारा कागद हाच, असं मला वाटतं. त्यात पावित्र्याचा उल्लेख नाही, पुजाऱ्याला जागा नाही; जिचं जगणं पणाला लागलं तिला विचारलं जातं.

या कागदातही एक मेख आहे. आडवी बाटली जिंकायला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत. गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. जी बाई सोयाबीन सोंगायला दुसऱ्या शिवारात गेली, जी ऊसतोडीला गेली, जी माहेरी बाळंतपणाला गेली, जिला त्या दिवशी नवऱ्यानं घराबाहेर पडू दिलं नाही आणि जी मरून गेली पण यादीत राहिली, त्या सगळ्यांचं मत उभ्या बाटलीला मोजलं जातं. आपले सरपंच, आमदार, खासदार कुणीही या अटीवर निवडून आलेले नाहीत. झालेल्या मतदानात पुढं असलं की ते जिंकतात. डोणगावच्या काय आणि दुसऱ्या कुठल्या गावच्या काय, ग्रामसभेनं देवळापासूनच्या मीटरसाठी ठराव करत बसू नये. ठराव एवढाच करावा आणि तो मुंबईला पाठवावा: आडव्या बाटलीचा निकाल झालेल्या मतांवर लावा, आणि मतदान सुगीच्या दिवसांत ठेवू नका.